गुण्या

पहिले दोन महिने नुसती कानस.
मिरजेच्या आयटीआयची शेड, पंचवीस व्हाइस, पंचवीस पोरं,
प्रत्येक जबड्यात पोलादाचा एकेक ठोकळा.
मी ओरडून सांगते, पायात अंतर घ्या,
पुढं जाताना दाब द्या, मागं येताना सोडा,
कानस मागं येताना कापत नाही, उगीच दात मरतात.
मग गुण्या लावा, खिडकीकडं धरा.
फटीतून उजेड दिसला की परत.

हे मला शेडबाळे मिस्त्रींनी शिकवलं,
शिकाऊ म्हणून कुपवाडच्या कारखान्यात गेले तेव्हा.
अख्ख्या शॉपमध्ये बाई मी एकटी.
डबा खायला जागा नव्हती,
तर टूलरूमची किल्ली त्यांनी मागून घेतली माझ्यासाठी,
युनियनच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक घालून.

मिस्त्री कराराचा मसुदासुद्धा खिडकीकडं धरून वाचायचे.
चष्मा कपाळावर, बोट कलमावर.
“हितं ‘शक्यतो’ लिवलंय. हितनं उजेड येतोय बघ.”
साहेब हसायचे. मसुदा परत जायचा.
चौथ्या खेपेला तो शब्द निघाला,
आणि उमेदवारी पुरी केलेल्या नऊ जणांना
सोमवारी कायमचं पंचिंग कार्ड मिळालं.
त्यातलं एक माझं.
पुढं कारखाना विकला गेला, ते वेगळं.
आता तिथं लग्नाचं लॉन आहे.

परवा दादासो ऐवळे आला. बाराच्या बॅचचा.
खिशातून ओळखपत्रं काढली,
पत्ते मांडावेत तशी टेबलावर मांडली.
निळी फीत, भगवी फीत, एकाला नुसतीच नाडी.
सात ठेकेदार. मशीन तेच.
दर खेपेला अकरा महिने,
आणि सगळ्यांवर एकच शब्द : प्रशिक्षणार्थी.
कानाजवळ केस पांढरे झालेत त्याचे.
“नवी पोरं माझ्याच हाताखाली शिकत्यात, बाई.
त्यास्नी बी हेच कार्ड, मला बी हेच.
माझं शिकणं कवा संपतंय?”

मला उत्तर आलं नाही.
मंगळवारी मी रोजगारक्षमतेचा तास घेते :
मुलाखतीला बसावं कसं, ईमेल लिहावा कसा.
एकोणतीस कायद्यांच्या चार संहिता झाल्या, तेही सांगितलं.
मागच्या बाकावरून आवाज,
“बरं झालं की, पाठ कराय कमी.”
सांगलीत परिसंवादाला पाठवलं होतं आम्हाला.
पडद्यावर ‘कौशल्य’ येतच राहिलं, येतच राहिलं.
‘कामगार’ कितीदा येतो ते वेल्डिंगचे सर
शेजारी बसून बोटांवर मोजत होते.
चहापर्यंत त्यांची मूठ मिटलेलीच.

“करार दाखव,” म्हटलं. त्यानं मोबाइल दिला.
सवयीनं मी खिडकीकडं धरला.
पण त्याचा उजेड त्याच्या आतूनच येतो,
फट कुठली, अक्षर कुठलं, कळेना.
बोट लागलं आणि सगळं सरसर वर सरकलं.
तळाला एक चौकोन,
त्यात बरोबरची खूण आधीच केलेली.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून
आस्मा मुजावरची कानस किंचाळली.
माझ्याआधी तो उठला.
तिला डावा पाय पुढं घ्यायला लावला,
ठोकळा सोडवला, फुंकर मारली,
गुण्या लावून खिडकीकडं धरला.
बराच वेळ तसाच उभा.
“फट हाय,” म्हणाला. “परत.”

मग घड्याळ बघितलं, कार्डं गोळा केली,
नाडीचा गुंता तसाच खिशात कोंबला.
दुसरी पाळी होती.

आस्मानं विचारलं, “हे नवीन सर का?”

“तू कानस चालव,” म्हटलं.